परमुलखातली फजिती



या व्यासपीठावर यंदा वेदान्तावर बोलणे झाले, शेतीच्या पाण्यावर झाले आणि आज आमची पाळी आली. चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही भीतभीतच म्हटले, "आम्हांला एकाच विषयाची पक्की माहिती आहे, ती म्हणजे आमच्या स्वतःच्या फजितीची." त्यांनी लगेच हो म्हटले. इतक्या तत्परतेने आमची मागणी आजवर एकाही मालकाने मान्य केली नव्हती.

आम्ही 'आम्ही' म्हणतो याचा कुणी राग मानू नये. तीस वर्षे युनियनचे काम केले की 'मी' म्हणायची सवय मोडते. मागणी आमची, निषेध आमचा, लाठीही आमचीच. घरी चहा मागतानासुद्धा 'आम्हांला चहा हवा' असे निघून जाते, आणि घरची मंडळी विचारतात, "बाहेर किती जण आहेत?"

आमचे शिक्षण नववीपर्यंत. पुढे कांड्या भरण्यापासून सुरुवात करून मागावर उभे राहिलो. पहिली पाळी सुटली की नगर वाचनालयात जायचे आणि उन्हाळ्यात या व्याख्यानमालेत मागच्या रांगेत बसायचे, हेच आमचे कॉलेज. कानांत मागांचा खडखडाट इतका भरलेला असे की पहिली दहा मिनिटे वक्ता काय बोलतो ते कळत नसे. तेव्हा आज मागच्या रांगेत कुणी पाळीवरून आलेला असेल त्याला सांगतो, पहिली दहा मिनिटे चुकली तरी चालतील. मुद्दा पुढे आहे.

तर २०१९ साली आम्ही जिनीव्हाला गेलो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेला त्या वर्षी शंभर वर्षे झाली. तिच्या परिषदेला प्रत्येक देशातून सरकारचे दोन, मालकांचा एक आणि कामगारांचा एक असे प्रतिनिधी जातात आणि त्यांच्याबरोबर सल्लागार असतात. त्या सल्लागारांत आमची वर्णी लागली. १९१९ साली वॉशिंग्टनला पहिली परिषद भरली तेव्हा हिंदुस्थानच्या कामगारांच्या वतीने ना. म. जोशी गेले होते. तिथे जगासाठी आठवड्याचे ४८ तास ठरले आणि हिंदुस्थानसाठी ६०. त्या बारा तासांचे भांडण पुढे किती वर्षे चालले ते आमच्या पिढीला ठाऊक आहे. अशा माणसाच्या वाटेवरून आपण जायचे म्हणजे शोभेल असे जावे, म्हणून आम्ही लोकरीचा कोट शिवला.

लोकरीचाच का? स्वित्झर्लंड म्हटले की बर्फ, हे ज्ञान आम्हांला हिंदी सिनेमाने दिलेले. नायिका पातळ साडी नेसून त्या बर्फात नाचते खरी, पण तिला नाचण्याचे पैसे मिळतात, आपण आपली काळजी घ्यावी. शिंप्याने आत जाड अस्तर घातले. घरच्या मंडळींनी मफलर आणि पाच किलो भडंग दिले.

जिनीव्हाला उतरलो तो जून महिना आणि कडक ऊन. सरोवराच्या काठी बायका, पुरुष, पोरेबाळे पोहत होती आणि आम्ही मफलर गुंडाळून त्यांच्याकडे पाहत उभे होतो. कोट काढावा, तर सदरा घामाने भिजलेला, म्हणून काढवेना. त्या सरोवरात १४० मीटर उंच उडणारे एक कारंजे आहे. त्याची हकीकत आम्ही वाचून गेलो होतो. १८८६ च्या सुमारास नदीच्या पाण्याच्या दाबावर तिथल्या कारागिरांची यंत्रे चालत. संध्याकाळी कारागीर यंत्रे बंद करून घरी गेले की नळांत दाब वाढायचा, म्हणून जादा पाणी वर सोडण्यासाठी एक तोंड ठेवले. ते पाणी उंच उडू लागले, लोकांना पाहायला आवडले आणि १८९१ साली कारंजे सरोवरात नेले. म्हणजे जगप्रसिद्ध कारंज्याचे मूळ काय, तर कामगारांची सुट्टी! हा विचार आम्हांला इतका आवडला की आम्ही धक्क्यावरून थेट जवळ गेलो. तेवढ्यात वारा फिरला. कोट नखशिखान्त भिजला आणि ओल्या मेंढीसारखा वास घेऊन आम्ही हॉटेलात परतलो. पुढचे दोन दिवस तो खिडकीत वाळत होता आणि आम्ही परिषदेत साध्या सदऱ्यात बसलो. साऱ्या मुक्कामात सुखाचे असे ते दोनच दिवस.

दुसरी फजिती ट्रामची. हॉटेलात उतरलेल्या पाहुण्यांना तिथे शहरातल्या वाहनांतून फुकट फिरण्याचे कार्ड देतात. स्टेशनाजवळून १५ नंबरची ट्राम पकडली की ती राष्ट्रसंघाच्या चौकात नेऊन सोडते. ट्राम आली. दार बंद. आम्ही सभ्य माणसासारखे दारासमोर उभे राहिलो. ट्राम निघून गेली. म्हटले, भरली असेल. दुसरी आली, तिचेही दार उघडले नाही. आता आम्हांला निराळाच संशय येऊ लागला. रंग पाहून तर दार बंद ठेवत नाहीत? मनातल्या मनात आम्ही निषेधाचा ठराव लिहायला घेतला. पहिले वाक्य तयार झाले तोच तिसरी ट्राम आली आणि मागून आलेल्या एका शाळकरी मुलीने दारावरचे हिरवे बटण दाबले. दार उघडले. ठराव मागे घेऊन आम्ही आत शिरलो.

आत गेल्यावर कंडक्टर दिसेना. फुकट कार्ड खरे, पण ते कुणाला तरी दाखवल्याशिवाय आपल्या माणसाला चैन पडत नाही. ते हातात उंच धरून आम्ही पुढपासून मागपर्यंत गेलो आणि मागून पुढे आलो. लोक बाजूला सरकून वाट देत होते. अखेर शेजारच्या साथीने सांगितले की इथे कंडक्टर नसतोच. आमचा पहिला प्रश्न होता, "त्याची नोकरी कुणी खाल्ली?"

पाण्याचेही तसेच. बाटलीतले पाणी विकत घेतले, रक्तदाबाची गोळी तोंडात टाकली आणि मोठा घोट घेतला, तर तो सोडा! ठसका, उचक्या, आणि गोळी नाकाच्या वाटेने बाहेर यायच्या बेतात. पाच दिवस आम्ही रोज निराळ्या रंगाच्या झाकणाची बाटली घेत होतो, आणि दैव असे की पाचही सोड्याच्याच निघाल्या. सहाव्या दिवशी हॉटेलात खोल्या झाडणाऱ्या पोर्तुगीज बाईंनी आमच्या टेबलावरच्या बाटल्यांची रांग पाहिली, कपाळाला हात लावला, आम्हांला हाताला धरून मोरीपाशी नेले, नळ सोडला आणि स्वतः ओंजळीने पिऊन दाखवले. नळाचे पाणी तिथे सगळे शहर पिते. आमची अशी शिकवणी पहिलीच्या बाईंनंतर कुणी घेतली नव्हती.

परिषदेत निदान अब्रू राहील असे वाटले होते. तिथे प्रत्येकाच्या कानाला यंत्र असते, भाषण कोणत्याही भाषेत चालू असो, आपण बटणाने भाषा निवडायची आणि दुभाष्या लगोलग सांगत जातो. या संघटनेने १९२० च्या दशकातच हा प्रयोग केला होता. मराठी अर्थातच नव्हती. आम्ही इंग्रजी लावून बसलो. आमचे इंग्रजी वाचनालयातले, डोळ्यांनी शिकलेले, ते कानांना लवकर पटत नाही. जेवणानंतर केव्हातरी कोपराने बटण सरकले असावे. वक्ता मोठ्या तळमळीने बोलत होता. एक शब्द कळत नव्हता, पण आवाजात कळकळ होती, मूठ आपटत होती. आम्हांला वाटले, कुठल्या तरी खाणीतला आपला भाऊ दिसतो. त्याने मूठ आपटली की आम्ही टाळी वाजवायचो. तिसऱ्या टाळीला शेजारच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांनी आमचा हात धरला आणि हळूच म्हणाले, "अहो, ते मालकांचे प्रतिनिधी आहेत. कामगार कायदे ढिले करा म्हणतायत." मग त्यांनी आमचे बटण स्पॅनिशवरून काढून इंग्रजीवर आणले.

याहून मोठी नाचक्की १४ जूनला झाली. दुपारी बाहेर पडलो तर रस्ता जांभळा! हजारो बायका जांभळे कपडे घालून, लहान मुलींना घेऊन, ताटल्या पळ्या वाजवत चाललेल्या. काही पुरुष पोरे सांभाळत होते. आम्ही सोबत्याला म्हटले, "यांच्या ग्रामदेवतेची जत्रा दिसते," आणि कडेला उभे राहून हात जोडले. तो संप होता, बंधुभगिनींनो! सबंध देशातल्या स्त्रियांचा संप. स्वित्झर्लंडमध्ये बायकांना देशाच्या निवडणुकीत मत मिळाले ते १९७१ साली. पुरुषांइतकी मजुरी मिळावी म्हणून १९९१ साली त्याच तारखेला पहिला संप झाला होता, हा दुसरा. दुपारी ३ वाजून २४ मिनिटांनी हातातले काम टाकून बाहेर पडायचे असे तिथे ठरले होते. पुरुषांच्या मानाने मजुरी जेवढी कमी, तिचा हिशेब केला तर त्या वेळेपासून पुढचे काम बाई फुकट करते, असा त्याचा अर्थ. तीस वर्षे ज्याने संप केले, त्याला डोळ्यांसमोरचा संप ओळखता आला नाही. आमच्या संपात बायका लहान मुले घेऊन, हसत, पळ्या वाजवत आलेल्या नव्हत्या. आम्ही त्यांना कधी बोलावलेच नव्हते.

आता रविवार, १६ जून. परिषदेला सुट्टी. भडंग शनिवारी रात्री संपले होते. सकाळी काही खायला आणावे म्हणून बाहेर पडलो तर दुकाने बंद. या गल्लीत बंद, त्या गल्लीत बंद. दोन तास फिरलो. पोटात कावळे ओरडू लागले तसे आमचे तोंड सुटले. "कसले हे शहर! गिऱ्हाईक उपाशी फिरते आहे आणि यांना सुट्ट्या सुचतात!" हे वाक्य आम्ही मोठ्याने बोललो आणि मग ओळखीचे वाटले. आपल्याच गावात दुकानांतल्या नोकरांच्या साप्ताहिक सुट्टीसाठी आम्ही फिरत होतो तेव्हा एका दुकानदाराने शब्दाशब्दाला हेच आम्हांला ऐकवले होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली ती १० जून १८९० रोजी. आमची परिषद सुरू झाली तीही १० जूनलाच, आणि त्या दिवशी आम्ही लोखंड्यांचे नाव चार परदेशी साथींना मोठ्या अभिमानाने सांगितले होते. सहा दिवसांनी रिकाम्या पोटी आम्ही दुकानदाराच्या बाजूने बोलत होतो.

रेल्वे स्टेशनातली दुकाने तेवढी रविवारी उघडी असतात. तिथे एका लहानशा खानावळीत उकडलेले बटाटे आणि पाव मिळाला. वाढणारा माणूस आमच्याच वयाचा, सावळा, जाफन्याकडचा तमिळ. १९८३ च्या दंगलीनंतर पुढच्या काही वर्षांत श्रीलंकेतले पुष्कळ तमिळ त्या देशात आसऱ्याला गेले, त्यांतला हा. पाळी संपल्यावर तो बाकावर येऊन बसला. त्याचे इंग्रजी आमच्याइतकेच मोडके, त्यामुळे गप्पा छान झाल्या. आम्ही त्याला ट्रामच्या बंद दाराची हकीकत सांगितली, अगदी ठरावासकट. तो हसेल असे वाटले.

तो हसला नाही. म्हणाला, "मीही असाच उभा राहिलो होतो. पहिल्या आठवड्यात. तीन ट्रामी गेल्या. मला भांडी घासायचे काम मिळाले होते. उशिरा पोचलो तर माझ्या मोरीवर दुसरा माणूस उभा होता."

बटण तेच, दार तेच. आम्ही चौथ्या दिवशी ती गोष्ट हसून सांगू लागलो, कारण आमच्या खिशात परतीचे तिकीट होते. त्याच्या खिशात ते नव्हते, म्हणून त्याची फजिती गोष्ट झाली नाही, तिच्यात त्याची नोकरी गेली.

त्या आठवड्यात एका इटालियन साथीकडून आणखी कळले. दुसऱ्या महायुद्धानंतर स्विस इमारती, रस्ते आणि बोगदे बांधायला इटलीतून आणि पुढे स्पेन-पोर्तुगालातून माणसे आणली गेली. हंगामी परवाना वर्षातून नऊ महिन्यांचा. धनी बदलायचा नाही आणि बायकामुले आणायची नाहीत. तरी काहींनी मुले चोरून आणली. आईबाप कामावर गेले की ती मुले दिवसभर खोलीत कोंडून असत. खिडकीशी जायचे नाही, मोठ्याने हसायचे नाही, कारण शेजाऱ्याने कळवले तर साऱ्यांची रवानगी. हा हंगामी परवाना २००२ साली बंद झाला. जिनीव्हात २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांत दोन हजारांहून जास्त बिनकागदांच्या माणसांना रीतसर कागद मिळाले. त्यांतल्या पुष्कळ घरकाम करणाऱ्या बाया. लोकशाही, स्वच्छता आणि घड्याळे असलेल्या देशातली ही हकीकत आहे. तेव्हा आपण आपल्या देशालाच नावे ठेवतो असे कुणी म्हणू नये.

आता आपल्या गावाकडे येतो, कारण खरी फजिती इथली आहे आणि ती सांगायला आम्हांला जड जाते.

परदेशी जाण्याच्या सात-आठ वर्षे आधीची गोष्ट. ओडिशाकडचा एक पोरगा, विशीतला, मागावर होता. धोट्याने त्याचे बोट चिरडले. मालकाने चिठ्ठी देऊन त्याला शहरातल्या एका दवाखान्यात पाठवले. बरोबर कुणी गेले नाही. त्याला मराठी येत नव्हते, आणि बिहारचा मुलगा निदान नागरी अक्षरे वाचतो, तेही याला येत नव्हते. माणसे जिथे बसली होती तिथे तो रांगेत बसला. ती रांग डोळे तपासण्याची होती. चार तासांनी नंबर आला तेव्हा डॉक्टरांनी बोट पाहिले आणि दुसरीकडे पाठवले, तोवर तिकडची वेळ संपली होती. दुसऱ्या दिवशी तो आमच्या युनियनच्या कचेरीत आला. कुणीतरी विचारले, त्याने हातवारे करून सांगितले आणि आमची कचेरी पोट धरून हसली. "बोट तुटले आणि हा डोळे तपासून आला!" आम्ही हसलो, एवढेच नव्हे, पुढे कितीतरी सभांत भाषणाला रंग चढावा म्हणून हीच गोष्ट सांगितली. प्रत्येक वेळी टाळी पडली. आपल्यापैकी काहींनी ती ऐकली असेल.

त्याचे बोट पुढे आखडले ते आखडलेच. गाठ मारायला बोटे लागतात, ती नसली की मागावर माणूस टिकत नाही. तो केव्हा निघून गेला ते आम्हांला कळले नाही. जिनीव्हाच्या त्या बाकावर तो आठवला आणि बटाटा घशाखाली उतरेना.

परत आल्यावर त्याचा शोध केला. त्याच्या खोलीत राहणाऱ्यांना विचारले, मुकादमाला विचारले. कुणी केंद्रपाडा सांगितले, कुणी गंजाम. पुढे २०२० चा मार्च आला आणि ज्यांना विचारायचे तीही माणसे डोक्यावर बोचकी घेऊन चालत निघाली. पोरगा सापडला नाही. त्याचे नाव आमच्या पावतीपुस्तकात असायला हवे होते. तेही नव्हते, कारण पावती मराठीत आणि सभासदत्वाचा अर्ज मराठीत.

१९४८ च्या कारखाना कायद्यात असे होते की कामगारांसाठीच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावाव्यात. चांगले होते. पण शंभरांत जे दहा असतील त्यांनी काय करावे? आम्ही बहुसंख्यांची युनियन बांधली आणि या दहांची मोजदाद आपल्यात कधी केलीच नाही.

आम्ही फार मोठे काही केले असे नाही. आता अर्ज मराठी, हिंदी आणि ओडिया असा तीन भाषांत आहे. ओडिया मजकूर लिहून देणारा मुलगा वहिफणीचे काम करतो. कुणाला लागले की दवाखान्यात एक सभासद बरोबर जातो, त्याची खाडा-मजुरी युनियन भरते. पहिल्या वर्षी यावर कार्यकारिणीत भांडण झाले. आपला पैसा परक्यांवर का, असे विचारणारे होते, आणि ते वाईट लोक नव्हते. त्यांना आम्ही ट्रामची गोष्ट सांगितली. दोघे राजीनामा देऊन गेले, बाकीचे राहिले.

हे गाव परक्यांवर उभे आहे. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी येथे पहिला यंत्रमाग आणला, तो मागसुद्धा परमुलखातलाच. त्या मागावर आज जो उभा आहे तो घरापासून हजार मैल दूर आहे. आपल्या एस. टी. स्टँडवर तो पाटीकडे पाहत उभा असतो, औषधाच्या दुकानात बाटलीचा रंग दाखवून औषध मागतो. त्याला पाहून हसू येईल. हसू येणे आपल्या हातात नसते. पण हसून झाल्यावर दोन पावले पुढे जाऊन त्याला त्याची गाडी दाखवणे आपल्या हातात आहे. त्या शाळकरी मुलीने आमच्यासाठी बटण दाबले, पोर्तुगीज बाईंनी नळ सोडला. दोघींना आमची भाषा येत नव्हती आणि आमचे कार्ड कुणीच पाहिले नाही.

दवाखान्यात तीन भाषांच्या पाट्या लावाव्यात असा अर्ज आम्ही दोनदा दिला आहे, तिसरा या पंधरवड्यात देणार आहोत. बाहेर चपलांपाशी टेबलावर तो ठेवला आहे. जाताना ज्यांना पटेल त्यांनी सही करावी. पेन आहे. अंगठाही चालेल.